दोन जीबीची राखीव जागा

“सर, मिनिटाला बंद पडून राह्यलं!” साळवे बाई फोनवर जवळपास ओरडल्याच.

ही बदनापूरकडच्या एका खासगी कॉलेजची गोष्ट, दोन हजारनंतरच्या वर्षांतली. बाई तिथल्या हेडक्लार्क. मी जालन्याहून कॉम्प्युटरच्या मेंटेनन्सला जायचो. परीक्षेच्या अर्जांची यादी त्या दिवशी पाचपर्यंत नेटवरून पाठवायची होती आणि त्याचा प्रोग्राम कॉलेजच्या एकुलत्या एका मशीनवर, बाईंच्या टेबलावरच्या. यादी गेली नाही तर पोरांचं वर्ष बुडणार.

पोचलो तेव्हा दोन वाजले होते. नेटची वायर काढली की मशीन नीट चालायचं, लावली की बंद. व्हायरस होता. उपाय एकच, विंडोजचं अपडेट. मी सीडी घातली. उत्तर आलं : डिस्कवर जागा नाही.

अपडेट आधी आपलं सामान उलगडतं, जुन्या फायलींची नक्कल ठेवतं, मग काम करतं. त्यासाठी मी दोन जीबी जागा मोकळी सोडली होती. मॉनिटरवर चिठ्ठीही चिकटवली होती : ‘राखीव’.

“जागा कुठं गेली?”

“अध्यक्षसाहेबांचा सत्कार आहे त्याच्यात,” बाई म्हणाल्या.

संस्थेच्या अध्यक्षांच्या सत्काराचा व्हिडिओ ‘प्रत्येक विभागाने जतन करावा’ असा आदेश निघाला होता. विभाग नऊ, मशीन एक. म्हणून एकाच सत्काराच्या नऊ प्रती.

मी प्राचार्य मोरे सरांना म्हणालो, “आठ काढू. एक राहील.”

“बिलकुल न्हाई. साहेबांना कळलं मंग?”

“पोरांचं काय?”

“दुसरं काही काढा ना. ते विंडोज केवढी जागा खातं!”

मी हात जोडले. साडेतीन झाले. प्रत्येक विभागप्रमुख येऊन बघून गेला. दुसऱ्याची प्रत काढायला सगळे राजी होते.

शेवटी बाईंनीच माउस ओढून घेतला. “माझी मी काढते. बाकीच्या सात बी काढते. सर, तुम्ही जरा बाहेर जाता का?”

मोरे सर बाहेर गेले आणि पाठ फिरवून व्हरांड्यात उभे राहिले.

बाईंनी डिलीट केलं, तरी जागा तेवढीच. पुसलेली फाईल आधी रिसायकल बिनमध्ये जाते. तो मी रिकामा केला. अपडेट सुरू झालं. पट्टी मुंगीच्या चालीनं सरकत होती. बाई खुर्चीच्या टोकावर, पदर मुठीत. पाचला दहा मिनिटं कमी असताना यादी गेली.

पुढच्या आठवड्यात बाईंना मेमो मिळाला : सन्मानाच्या आठ प्रती विनापरवानगी नष्ट केल्या. खाली मोरे सरांची सही. बाईंनी उत्तर दिलं, ‘नववी प्रत कुणी बघितली असल्यास कळवावे.’ प्रकरण मिटलं.

मी मात्र पद्धत बदलली. आता मोकळी जागा सोडत नाही. दोन जीबीची एक निरर्थक फाईल बनवून ठेवतो आणि अपडेटच्या दिवशी पुसतो. तिला अवघड इंग्रजी नाव देतो. आजवर तिला कुणी हात लावलेला नाही. जागा राखायची असेल तर ती रिकामी दिसू देऊ नये.