आवतन दिलेला बैल

पोंभुर्ण्याच्या दवाखान्यात बारा वर्षं काढल्यावर माझ्या लक्षात आलं की मी जनावरांची डॉक्टर कमी आणि त्यांच्या मरणाची साक्षीदार जास्त आहे. वाघाने गाय पाडली की पंचनाम्याला मी. वीज पडून म्हैस गेली की शवविच्छेदनाला मी. जनावर जिवंत असेपर्यंत लोक आधी गावातल्या जाणत्याकडे जातात, मग औषधाच्या दुकानात, आणि सगळ्यांनी हात टेकले की माझी आठवण होते. जंगलातल्या वाटेने गाडी हाणत पोचावं, तर गोठ्यासमोर बाया डोळे पुसत बसलेल्या. मला त्याचा वीट आला होता. जनावरांचा नव्हे, उशिरा पोचण्याचा.

म्हणून मोठी रजा टाकली आणि पोर्तुगालमधल्या एका आश्रमात सेवेला गेले. म्हातारी, सोडून दिलेली, मारझोड झालेली जनावरं तिथे सांभाळतात. बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "काऊन वं, इथली ढोरं सरली काय, का तिथी चाल्ली?" जाऊ मात्र दिलं.

तिथे गेल्यावर पहिल्याच दिवशी कळलं की माझी पदवी आपल्या वेशीपर्यंतच चालते. इंजेक्शन तिथल्या मोठ्या डॉक्टरीणबाई देणार. मी जनावर धरायचं, जखमा धुवायच्या, शेण उचलायचं. शेण तर मी लहानपणापासून उचलत आले. गाढवं, एक आंधळी घोडी, बकऱ्या, आणि एक बैल. बैल उंच, तपकिरी, एक शिंग मोडलेला. त्याचा म्हातारा मालक मेल्यावर मुलांनी आणून सोडलेला. त्याच्या खांद्यावर जुवाचा घट्टा होता, आपल्याकडच्या बैलांना असतो अगदी तसाच. तो घट्टा पाहिला आणि मला परक्या देशात पहिल्यांदा ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. रोज कामं उरकली की मी त्याच्यापाशी जाऊन बसायची आणि गावच्या बोलीत त्याच्याशी गप्पा मारायची. त्याला काही कळत नव्हतं, पण कान हलवायचा.

सप्टेंबर लागता लागता तो बसला तो उठेना. मागच्या दोन्ही पायांच्या सांध्यांनी साथ सोडली होती. पट्टे लावून यंत्राने उचललं, दोन दिवस कूस बदलत राहिलो, तरी बरगडीखालची कातडी सोलवटली. डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, "बैलातलं तुला आमच्यापेक्षा जास्त कळतं. काय वाटतं?" मी तपासलं. जे दिसत होतं ते सांगितलं: हा आता उठणार नाही, दुखणं वाढतच जाणार. त्यांनी फळ्यावर दुसऱ्या दिवशीची सकाळची दहाची वेळ लिहिली. झोपेचं औषध, मग शेवटचं इंजेक्शन. आज त्याला हवं ते खायला द्या, म्हणाल्या.

त्याच दुपारी बाबांचा व्हिडिओ कॉल आला. आमच्याकडे संध्याकाळ झालेली. मी पार विसरले होते, उद्या पोळा, म्हणजे आज संध्याकाळी बैलांचे खांदे शेकायचे. गेल्या वर्षीच्या पोळ्यानंतर बाबांनी जोडी सिरोंच्याकडच्या कोणा शेतकऱ्याला देऊन टाकली होती, आणि हा त्यांचा बैलाशिवायचा पहिला पोळा होता. ते ओसरीत बसले होते, तोंड उतरलेलं.

"खांदशेकणीले बैलच नाई वं यंदा," ते म्हणाले. "तुह्याकडं हाये न एक? दाखव मले."

मी कॅमेरा बैलाकडे वळवला. बाबांनी बैल नीट पाहून घेतला.

"बसला काऊन हाये?"

"थकला, बाबा."

"थकनच. वय झालं त्याचं. हळद भेटते का तिथी?"

स्वयंपाकघरात एका डब्याच्या तळाशी जुनाट हळद सापडली. लोणी होतं. ते चोळायला पळसाचं पान कुठून आणणार? अंगणातल्या अंजिराचं घेतलं, खरबरीत होतं, पण चाललं. गरम पाण्याने खांदा शेकला, लोणी-हळद त्या घट्ट्यावर चोळली, मानेपर्यंत नेली. बैलाने डोळे मिटून घेतले. फोन मी गवताच्या गठ्ठ्याला टेकवून ठेवला होता आणि बाबा तिकडून सांगत होते, "जोर लाव, तसा काय गोंजारून राह्यली." माझ्यासारख्याच सेवेला आलेल्या पोरी कुतूहलाने जमल्या. मला बरं वाटत होतं. कित्येक दिवसांनी हात कामाचे वाटत होते.

आणि मग सवयीने, लहानपणापासून दरवर्षी म्हणत आले तसं, बैलाच्या कानाशी वाकून मी म्हणून गेले, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या."

बाबांनी तिकडून हात जोडले. ज्याचा जीव उद्या दहा वाजता घ्यायचा असं मीच सांगितलं होतं, त्याला मी जेवणाचं आवतन देऊन बसले होते.

मी डॉक्टरीणबाईंकडे गेले. उद्या नको, परवा करू, म्हटलं. आमच्याकडे सण आहे, मी त्याला बोलावलंय. त्या हसल्या नाहीत. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "एक दिवस त्याच्यासाठी पाहिजे की तुझ्यासाठी?" मला त्यांचा संताप आला, कारण त्या खरं बोलत होत्या. बैल कण्हत होता. सण माझा होता, दुखणं त्याचं होतं. मी परत आले.

पहाटे उठून पुरण शिजवलं. हरभऱ्याची डाळ नव्हती, तिथले मोठे काबुली चणे वाटले, त्यात तपकिरी साखर. पोळ्या जाड झाल्या, एक तर करपलीच. माझी आई असती तर तिने मला स्वयंपाकघराबाहेर काढलं असतं. ताटात वाढून बैलापुढे नेल्या. त्याने हुंगल्या. पहिली मी हातानेच भरवली. दीड पोळी खाल्ली त्याने, हळूहळू, आणि मग माझं मनगट चाटत राहिला. मी त्याच्या पाया पडले. दहा वाजता डॉक्टरीणबाई आल्या. मान भादरून शीर शोधायचं काम माझं होतं. केस निघाल्यावर खालची कातडी हळदीने पिवळी दिसली. त्याच पिवळ्या जागी मी अंगठा दाबून धरला आणि शीर फुगली. त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. फार वेळ लागला नाही.

मी हात धुऊन पायरीवर बसले होते, तेवढ्यात फोन वाजला. बाबांच्या मागून पोळ्याच्या वाजंत्रीचा आवाज येत होता.

"जेवला का वं बैल?"

"जेवला," मी म्हटलं, आणि मला रडू फुटलं. सगळं सांगून टाकलं. फळा, दहाची वेळ, माझं आवतन. "बाबा, मी त्याले जेवाले बलावलं आन् मारलं."

बाबा वाजंत्रीपासून लांब गेले असावेत, तिचा आवाज कमी झाला.

"आपली जोडी सिरोंच्याले नाई गेली वं," बाबा म्हणाले. "तुले खोटं सांगतलं म्या. आवतन देल्लं, जेऊ घातलं, आन् तिसऱ्या दिवशी गाडीवाल्याच्या हवाली केली. कुठी नेते, मी इचारलंच नाई. गाडीत चढताना आपल्या धोऱ्या बैलानं मांगं फिरून पाह्यलं, तं मी घरात निंघून गेलो."



"तू तं जवर होती न त्याच्या," तेच पुढे म्हणाले. "जवर होती न शेवटपर्यंत?"

"होते, बाबा. जवळच होते."

"मंग झालं," ते म्हणाले, आणि त्यांचाही आवाज फुटला.