मामांचा निरोप

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तिला सांगितलं असतं तर दोन दिवस अबोला धरून तिसऱ्या दिवशी तिने मला माफ करून टाकलं असतं — आणि तेच मला नको होतं. तुम्हाला सांगतो. कुठून सुरुवात करावी तेवढं मात्र कळत नाही.

रत्नागिरीच्या एका कॉलेजात मी तत्त्वज्ञान शिकवायचो. विषय घेणारी मुलं इतकी थोडी, की हजेरी घेताना नावं पुकारावी लागायची नाहीत. नीतिशास्त्राच्या तासाला माझा आवडता प्रश्न असायचा: युद्ध न्याय्य असू शकतं का? घर राखायला शस्त्र उचलणं वेगळं, आणि समोरचा माणूसच नव्हे असं मनात भरवून शस्त्र हातात देणं वेगळं — हे मी छान समजावून सांगायचो. हातात खडू असला की मी भलताच शूर असतो.

मग नव्याण्णवचा उन्हाळा आला, कारगिल आलं. स्टाफरूममध्ये चहाबरोबर रोज एक नवा सेनापती उभा राहायचा. मला म्हणायचं असायचं की शिखरं परत घेणाऱ्या आपल्या पोरांचा मलाही अभिमान आहे, पण त्यांच्या मेलेल्या पोरांवर हसायचं कशाला? म्हटलं का? छे. मी मान डोलवायचो आणि चहात बिस्किट बुडवायचो. विजयाची मिरवणूक निघाली तेव्हा कापडी फलकाचं एक टोक माझ्याच हातात होतं.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. वक्तृत्व स्पर्धेत बोलतो विद्यार्थी, पण भाषण लिहून देतात त्याचे सर. परीक्षकांना हे ठाऊक असतं, प्राचार्यांना असतं, पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांनाही असतं. बोलत मात्र कुणी नाही. त्या ऑगस्टात स्पर्धेचा विषय होता ‘युद्ध आणि आपण’. स्टाफरूममध्ये जे जे गिळलं होतं, ते सगळं मी रत्नागिरीजवळच्या पावस गावातल्या माझ्या घरी पडवीत बसून लिहिलं. आणि माझ्या वर्गातल्या वैशालीला पाठ करायला दिलं.

वैशाली लांज्याकडची. वडिलांची थोडी भातशेती, आणि ही रत्नागिरीत मामांकडे राहून शिकत होती. मामा सैन्यातून निवृत्त झालेले, मिरकरवाडा बंदरावर बर्फाच्या कारखान्यात वॉचमन. त्यांना मूलबाळ नव्हतं, हिच्यावर फार जीव. तिला पुढे कॉलेजात शिकवायचं होतं. भाषण वाचून ती एवढंच म्हणाली, की सर, मामा समोर बसलेले असतील. मी काय सांगितलं असेल? विचार मांडताना नाती बघायची नसतात. — दुसऱ्याला सांगायला किती सोपं असतं हे, नाही?

ती सुंदर बोलली. सैनिकाला बंदूक देण्याआधी एक गोष्ट विसरायला शिकवतात, समोरच्यालाही घर आहे ही गोष्ट. तो विसर पडल्याशिवाय गोळी सुटत नाही. युद्ध तिथे सुरू होतं, सीमेवर ते फक्त दिसायला लागतं. आणि ज्यांनी ते विसरायला शिकवलं, ते स्वतः मागे राहतात. — सभागृह गार पडलं. मग मागून कुणीतरी ओरडलं, खुर्च्या सरकल्या, तिला व्यासपीठावरून उतरवलं. पहिल्या रांगेत मामा मान खाली घालून बसले होते. मी? मी दाराशी उभा होतो. दाराशी उभं राहिलं की निघता येतं.

दुसऱ्या दिवशी मामा प्राचार्यांकडे आले; वैशालीला आणि मलाही तिथे बोलावून घेतलं होतं. इस्त्रीचा शर्ट, हात मागे बांधलेले. आवाज न चढवता त्यांनी विचारलं, की माझ्या घरात माझं अन्न खाणाऱ्या पोरीला हे कुणी शिकवलं? प्राचार्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना ठाऊक होतं. मला एकच वाक्य बोलायचं होतं. फार तर काय झालं असतं? चार लोक वाईट बोलले असते, बढती अडली असती.

“मी तिला बजावलं होतं, हे मुद्दे घेऊ नकोस म्हणून,” मी म्हणालो.

वैशालीने माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे — शिकवताना एखादा मुद्दा कळला नाही की बघायची, तशी. मग म्हणाली, “सर बोलले होते. मीच ऐकलं नाय.”

तिने मला वाचवलं. आणि मला — लाज वाटते सांगायला — बरं वाटलं.

मामांनी तिला गावी पोचवलं. कॉलेज सुटलं ते सुटलंच, पुढे लग्न लावून दिलं. मामांचं आणि तिचं बोलणं बंद. मी मात्र त्याच वर्गात तोच प्रश्न शिकवत राहिलो. जबाबदारी कशी एकेक पायरी खाली ढकलली जाते, राज्यकर्ता सेनापतीवर टाकतो, सेनापती हुकमावर, हुकूम पाळणारा कुणावरच नाही — हे फळ्यावर काढून दाखवताना माझा खडू कधी अडला नाही. माझा विचार घेऊन पुढे गेली होती एक पोरगी, आणि मी मागे राहिलो होतो. हे मला दिसत नव्हतं का? दिसत होतं.

इथवरचं कदाचित मी कुणाला तरी सांगूही शकलो असतो. पुढचं नाही.

पाच-सहा वर्षांनी पावसहून येणाऱ्या एस.टी.त मामा माझ्या शेजारी येऊन बसले. खंगले होते, खोकत होते. भाट्याच्या खाडीवरचा पूल आला. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, “सर, ती पोर बोल्ली ता खरा हाय. आमाला तसाच शिकवलानी. तिकडच्या मेलेल्या येकाच्या खिशात त्याच्या पोरीचा फोटो गावला मला... ता मी कोनालाच सांगितला नाय. मंग हिला कसा कलला?”

मी हातातल्या तिकिटाची घडी घालत राहिलो. ते शब्द पडवीत बसून मी जुळवले होते. हा माणूस ते उभा जन्म छातीत घेऊन हिंडत होता. खरं ऐकवलं म्हणून तर राग आला, म्हणाले. तिच्यासमोर जायला तोंड नाही, म्हणाले. उतरताना माझा हात धरला. “तुमी तिचं सर. तिला सांगा, मामा चुकला. येवढाच सांगा.”

मी हो म्हणालो.

तिचं सासर काही परदेशात नव्हतं. रोज गाडी होती. पण तिच्यासमोर निरोप घेऊन उभं राहायचं म्हणजे आधी माझं सांगावं लागणार. पुढच्या आठवड्यात जाऊ, परीक्षा झाल्या की जाऊ, आंबा उतरला की जाऊ. शिमग्याआधीच मामा वारले.

बाराव्याला मी गेलो. न जाऊन कसं चाललं असतं? वैशाली आली होती, कडेवर मूल होतं. तिने वाकून नमस्कार केला. मला. मग बाजूला येऊन हळूच म्हणाली, “सर, मामी म्हणते मामा तुमाला गाडीत भेटले होते. माझं काय बोल्ले काय हो?”

मामांचा निरोप अगदी ओठांवर होता. पण तो दिला असता तर तिने पुढचा प्रश्न विचारला असता: मग इतके दिवस का नाही सांगितलंत?

“नाही,” मी म्हणालो. “तुझा विषय निघाला नाही.”

तिने मान हलवली, मुलाच्या तोंडावरची माशी हाकलली आणि आत पानं वाढायला निघून गेली.