आतून न लिपलेली टाच

भार दाखवणारी सुई चढत चढत निम्म्यावर आली, 'कट्' असा बारीक आवाज झाला आणि ती थेट शून्यावर जाऊन बसली. कॉलेजच्या लॅबमधल्या प्रेसखाली मी केलेली टाच चेपून पडली होती. वैशालीने मशीन बंद केलं. गुलाबदादा बाकावर बसून बघत होता. ती टाच त्याच्या पायासाठी होती आणि होळी महिन्यावर आली होती. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

थोडं मागचं सांगतो. मी प्लेटिंगवाला. लोखंडा-पितळेच्या वस्तूंवर निकेलचा थर चढवणं हा माझा धंदा. गुजरातेत एका कारखान्यात तीस वर्षं हेच केलं, रिटायर झालो आणि नंदुरबारला स्वतःचं छोटं युनिट टाकलं. गुलाबदादा माझ्याकडे पार्ट टांगायचं काम बघतो. म्हणजे पार्ट तारेला अडकवून बाथमध्ये, निकेलच्या गरम द्रावणात, सोडायचे. ऊसतोडीला गेला असताना ट्रॉलीखाली सापडून त्याचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. मिळालेला नकली पाय जड. सपाटीवर चालतो, पण त्याचं गाव तळोद्याच्या वर, सातपुड्यात. जीप फाट्यावर सोडते, पुढे तासभर चढ. दोन वर्षं होळीला भावांनी त्याला खांद्यावर बसवून वर नेलं. गेल्या होळीला त्याने जाणंच टाळलं. "मी काय पोतं शे का?" एवढंच म्हणाला.

वैशाली म्हसावदची, माझ्या मित्राची मुलगी. हलक्या मटेरियलवर संशोधन करते. केसाएवढ्या काड्यांची रेझिनची जाळी प्रिंटरवर छापायची आणि तिच्यावर निकेलचा अगदी पातळ थर द्यायचा. वजन नावाला, तरी भार पेलते. कशी? धातू जाड असला की त्याच्या पोटात कुठेतरी एखादी चीर लपलेली असते आणि मोडायला सुरुवात तिथूनच होते. थर फार पातळ असला की मोठी चीर लपायला जागाच उरत नाही. शिवाय काड्या भार आपसात वाटून घेतात. अशा जाळीची टाच बनवली तर गुलाबदादाचा पाय बराच हलका होईल, असं तिचं म्हणणं होतं. मी लगेच होळीचा शब्द देऊन बसलो.

पहिली टाच बाथमधून निघाली तेव्हा आरशासारखी चमकत होती. चार ठिकाणी थराची जाडी मोजली. चारही बरोबर. गुलाबदादाने ती तळहातावर तोलली आणि हसला. मी म्हटलं, आजच बसवून टाकू.

"काका, पहिले टेस्ट करसूत. मंग पाय," वैशाली म्हणाली.

"पोरी, तीस वरीस व्हयनात माले या धंदामा."

"तरी बी करसूत."

तिने माझं ऐकलं नाही, म्हणून टाच मशीनखाली मोडली. नाहीतर डोंगराच्या चढावर मोडली असती, आणि तीही माझ्या शब्दावर.

तरी मी लगेच कुठे मानतोय! आधी रेझिनवर ढकललं, मग प्रिंटरवर. वैशालीने टाच मधोमध कापली आणि मायक्रोस्कोपखाली ठेवली. बाहेरच्या काड्यांवर थर भरपूर होता. आत जावं तसा तो विरळ होत गेला होता आणि गाठींपाशी तर उघडं रेझिन दिसत होतं. मी बघितलं. मग गुलाबदादाने बघितलं, आमच्या दोघांपेक्षा जास्त वेळ.

"साहेब, हाई बाहेरथीन लिपेल शे. मजार काहीच नही."

त्याच्या गावात घरांच्या भिंती म्हणजे कूड असतात, बांबूच्या कामट्या विणून मातीशेणाने लिपलेले. तो पुढे म्हणाला, "कूड लिपतस तव्हय माती इकडथीन दाबतस. तिकडे निंघनी की मंग समजस, भरना."

माझी चूक मला तिथेच कळली. निकेल चढताना बाथमध्ये वायूचे बुडबुडे सुटतात. भरीव पार्टवरून ते निसटून जातात. जाळीच्या पोटात मात्र अडकून बसतात आणि बुडबुडा बसला की तिथे निकेल चढत नाही. ताजं द्रावणही आतपर्यंत पोचत नाही. मी आयुष्यभर भरीव पार्ट टांगले, तशीच ही टाच टांगली. मोजमापही बाहेरूनच घेतलं, कारण गिऱ्हाईक बाहेरूनच बघतं.

मग आम्ही टाचेच्या मापाचा डबा केला. द्रावण एका बाजूने दाबायचं, जाळीतून जाऊन ते दुसऱ्या बाजूने निघायला हवं. पहिला पंप शेतातल्या फवारणीचा लावला. त्याचं वॉशर तासाभरात मऊ पडलं. दुसरा नीट मागवला. गुलाबदादा दर थोड्या वेळाने टाच फिरवायचा, बुडबुडे निघेपर्यंत हलायचा नाही.

सहा टाचा केल्या. एक कापली, आतपर्यंत सारखी निघाली. चार प्रेसखाली मोडेपर्यंत दाबल्या. चारही वैशालीने प्रेसच्या तबकडीवर आखलेल्या खुणेच्या बऱ्याच पुढे जाऊन मोडल्या. सहावीवर खुणेएवढा भार देऊन पाहिला आणि पाय बसवणाऱ्या डॉक्टरांनी होकार दिल्यावरच ती बसवली. होळीच्या दोन दिवस आधी गुलाबदादा तळोद्याच्या जीपमध्ये बसला.

त्याच्या गावात फोन लागत नाही. होळीभर माझं कशात लक्ष नव्हतं. जिन्यावर पाऊल टाकलं तरी मला तो 'कट्' ऐकू यायचा.

सहाव्या दिवशी सकाळी तो कामावर हजर झाला.

"गया का वर?" मी विचारलं.

"गऊ. भाऊ मांगे ऱ्हायनात." मग पाय पुढे करून म्हणाला, "पण नालामा रेती मजार घुसस. तेन्हं काही तरी करा."

मला रडू आलं. ते मी बाथच्या वाफेवर ढकललं.

रेतीसाठी आता रबराचं आवरण बसवलंय. आणि माझ्या युनिटमधून कुठलाही लॉट, एक पीस कापून बघितल्याशिवाय बाहेर जात नाही. गिऱ्हाईक कुरकुरतं, चांगला पीस का वाया घालवता? मी म्हणतो, कापल्याशिवाय चांगला कशावरून?

ती पहिली टाच, दोन तुकड्यांत, माझ्या टेबलावर असते. बाहेरची बाजू अजून तशीच चमकते. येणारा माणूस ती हातात घेतो आणि म्हणतो, काय सुंदर काम केलंय! मी म्हणतो, उलटी करून बघा.