घोडी वाळेपर्यंत

घोडी पाळली की किस्से लिदीसारखे साचतात. रोज उचला, दुसऱ्या दिवशी तेवढेच! मी आता दमलेय, त्यामुळे हाताला लागतील तेवढेच सांगते.

आमच्या आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, तारा ही म्हातारी घोडी. पिरनवाडीच्या मागं माळावर उघड्यावर राहते. तिच्यासाठी पत्र्याचं शेड बांधलं होतं, ते तिनं लाथा घालून दोन दिवसांत आडवं केलं. गेल्या थंडीत स्वारीनंतर घामेजलेली तशीच वाऱ्यात उभी राहिली आणि तिची छाती भरली. जेमतेम वाचली.

यंदा थंडीच्या तोंडावर जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "उघड्यावर ऱ्हाऊ दे. रोज थोडी स्वारीबी पायजे, न्हायतर पाय आखडतील. पण घामाच्या अंगानं वाऱ्यात उभी करू नका. औंदा परत छाती भरली तर वाचायची न्हाय."

हे ऐकून आप्पांनी त्या दिवशी ताट बाजूला सारलं. त्यांचे गुडघे गेलेत, स्वारी बंद आहे. सकाळी घोडीवर बसतो माझा चुलतभाऊ मारुती, आणि रविवारी निपाणीहून येतात आप्पांचे जुने दोस्त बाहुबली अण्णा. दौड त्यांची, पुसणं माझं!

* * *

आप्पांचा नियम असा, की परत येताना शेवटचा टप्पा खाली उतरून चालायचा. लगाम हातात, घोडी मागं. घरी येईपर्यंत तिचं अंग निवतं.

पहिल्या दिवशी मारुती मुकाट्यानं चालत आला. वाटेत ओळखीचा रिक्षावाला थांबला. "काय मारुती, पेट्रोल संपलं व्हय?"

मागनं दूधवाला ओरडला, "ढकलून चालू हुतीया का बघ की!"

दुसऱ्या दिवशी मारुती थेट फाटकापर्यंत भरधाव आला. ताराच्या अंगातून वाफा निघत होत्या. मी तोंड सोडलं, तर म्हणतो, "आक्का, इज्जतीचा प्रश्न हाय!"

मग धापा टाकणाऱ्या घोडीला घेऊन माळाला आठ फेऱ्या कुणी मारल्या? जिला इज्जत नाही तिनं.

* * *

बाहुबली अण्णांचा जीव मोठा. एका रविवारी ते घरातली जाडजूड दुलई घेऊन आले आणि स्वारी संपल्या संपल्या ताराच्या ओल्या अंगावर टाकून मोकळे झाले. मी येईपर्यंत दुलई आतून चिंब!

ती काढली, गोणपाटानं घोडी खसाखसा पुसली, पार कोरडी केली, मग लोकरीचं घोंगडं घातलं. हात भरून आले. म्हटलं, "अण्णा, तुम्ही आंघोळ करून न पुसता स्वेटर घालता काय?"

अण्णा विचारात पडले. "घाई असली तर घालतो की गं!"

* * *

मी बेळगावात एका कॉलेजच्या ऑफिसात आहे. थंडीच्या दिवसांत घोडी लवकर वाळत नाही, बस चुकते, लेटमार्क पडतो. रजिस्टरमध्ये उशिराचं कारण लिहावं लागतं. ताप, पाहुणे, पंक्चर, सगळी कारणं वापरून संपली. एक दिवस वैतागून खरंच लिहिलं, 'घोडी वाळली नाही.'

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. दोनदा वाचलं. माझ्या केसातली गवताची काडी बघितली. मग हळू आवाजात विचारलं, "मॅडम, दोरीवर घालता काय?"

* * *

ताराला थंड पाणी सोसत नाही आणि कमी पाणी प्यायली की तिचं पोट धरतं. म्हणून बंबातलं कोमट पाणी पहिलं तिला. उरलं तर मला.

आप्पा म्हणतात, "आदी तू हात घालून बघ."

"का?"

"तुला चटका बसला तर तिला देऊ नगं."

* * *

सगळ्यात मोठा पराक्रम मारुतीचाच. थंडीत ताराच्या अंगावर दाट केस येतात. तेच तिचं पांघरूण. मारुतीला वाटलं, अस्वलागत दिसते. खडेबाजारातनं केस कापायचं मशीन आणलं आणि मी ऑफिसात असताना कामाला लागला. आप्पांनी बघितलं तेव्हा डावी बाजू सफाचट झालेली!

त्या संध्याकाळी तारा दोनदा शिंकली. मला खरंच रडू आलं. पुढं पंधरा दिवस मी तिच्या डाव्या अंगाला हात लावून बघूनच ऑफिसला गेले.

आप्पा मारुतीला एवढंच म्हणाले, "उद्यापास्नं तूबी एकाच बाहीचा स्वेटर घाल."

आणि तो गाढव दुसऱ्या दिवशी खरंच डावा हात बाहीबाहेर ठेवून आला! म्हणाला, "आप्पा, लई गार लागतंय हो."

* * *

थंडी सरत आली तेव्हा डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी ताराच्या बरगड्यांना नळी लावली. आधी डावीकडं, मग उजवीकडं. आप्पा टोपी हातात घेऊन उभे होते. मी नुकतीच घोडी पुसून घेतली होती.

"छाती साफ हाय, आप्पा! औंदा निभावली."

आप्पांचे डोळे भरून आले. डॉक्टर नळी गुंडाळता गुंडाळता थांबले. "मग मगापास्नं खोकतंय कोण?"

आम्ही सगळ्यांनी आप्पांकडं बघितलं. आप्पा माळाकडं बघत होते. त्यांनी रोज पहाटे वाऱ्यात बसून घोडीवर नजर ठेवायची, आणि आम्ही सगळे घोडीकडं बघणार!

डॉक्टर म्हणाले, "मी माणसांचा डॉक्टर न्हाय," आणि तीच नळी आप्पांच्या पाठीला लावली. डॉक्टरांचा चेहरा उतरला. "आक्का, आजच दवाखान्यात न्या. चार दिवस तरी ठेवून घेतील."

मारुती रिक्षा घेऊन आला. आप्पा बसायला तयार नाहीत. आधी ताराकडं गेले, तिची मान जवळ ओढली आणि कानात बोलले. आप्पांना कमी ऐकू येतं, त्यामुळं त्यांचं कानात बोलणं सगळ्या माळाला ऐकू जातं.

"चार दिस पळू नगं, बाय. तुला पुसायला हितं कोण न्हाय."

मी शेजारीच उभी होते, ओलं गोणपाट हातात घेऊन!