दुष्काळातली काकवी

देवावर माझा राग होता आणि तो मी कधी लपवलाही नाही. नात तीन वर्षांची झाली तरी धड उभी राहत नव्हती, बोलणं दोन-चार शब्दांवर अडलेलं, आणि महिना-दीड महिन्याला ओकून ओकून अशी लोळागोळा व्हायची की मान सावरता येत नसे. आमचं गाव बीडजवळच्या पालीच्या अलीकडे. तलावाच्या तळाला भेगा पडल्या होत्या, गुरं छावणीत गेली होती, टँकरपाशी बायका एकमेकींच्या झिंज्या धरत होत्या. हे सगळं मी देवाला माफ केलं असतं. लेकराचं नाही.

मी तेव्हा पन्नास-बावन्नची, म्हणजे अगदी पोरवयाची, आणि त्या वयाला शोभेल इतकी मूर्ख. गावातल्या बायकांच्या दूध सोसायटीची चेअरमन होते. खुर्चीत बसलं की बाईला वाटतं, दुधाचीच काय, अख्ख्या जगाची फॅट आपल्याला एका नजरेत कळते. लेकरू अशक्त आहे ना? मग दूध पाजा, घट्ट वरण चारा, अंडं द्या. हा माझा कायदा. सून काकुळतीला येऊन म्हणायची, "आत्या, दूध पेलं की ती जास्तच पेंगती वो." मी म्हणायची, "तुझ्या हातचं पेती म्हणून पेंगती. आण इकडं."

सून म्हणजे सुनीता, माझ्या सख्ख्या भावाची मुलगी. पोराला मामाचीच पोरगी करायची हा हट्ट माझा. आमच्यात रीतच आहे ती. त्यामुळं भांडणात एक मोठी पंचाईत व्हायची. सुनेच्या माहेराचा उद्धार करावा तर ते माझंच निघायचं. मग मी नुसत्या तिच्या पायगुणावर घसरायची.

जवळच्या दवाखान्यात सलाईन लावलं की पोर दोन दिवसांत डोळे उघडायची. त्या सलाईनमधली साखर तिला तारत होती हे मला कुठलं ठाऊक? मी तिच्या कपाळाला अंगारा लावलेला असायचा. बरं वाटलं की श्रेय अंगाऱ्याचं, पुन्हा आजारी पडली की दोष सुनीताचा. किती सोयीची भक्ती!

आणि तो वास. आजारी पडली की तिच्या दुपट्याला काकवीसारखा गोड, किंचित करपलेला वास यायचा. सुनीता मला हुंगायला लावायची. उसाच्या गाळपाच्या दिवसांत आमच्या भागात हवेलाच मळीचा, पाकाचा वास असतो, त्यात कुणाला काय वेगळं वाटणार? मी मात्र पुढं गेले. म्हटलं, देवाचं लेकरू आहे, अंगाला प्रसादाचा वास येतोय. सोसायटीत सांगितलं. बायका दूध घालायला येताना घरात डोकावायच्या, पोरीचं डोकं हुंगायच्या आणि हात जोडायच्या. लेकरू आतून विझत चाललं होतं आणि आम्ही त्याच्या आजाराला नमस्कार करत होतो. आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

दुष्काळाच्या त्या वर्षी मी नवस बोलले. कपिलधारला अकरा सोमवार महादेवाला दुधाचा अभिषेक, आणि तेच दूध तीर्थ म्हणून पोरीला. पाचव्या सोमवारी गेलो तेव्हा तिथल्या धबधब्याच्या जागी नुसता काळा कडा होता, पाण्याचा थेंब नाही. पोर सकाळपासून सुस्त. मी फुलपात्र तिच्या ओठाला लावलं. सुनीतानं माझं मनगट धरलं. "आत्या, नगं. पाया पडते." मी तिचा हात झटकला आणि पाजलं. चांगलं फुलपात्रभर पाजलं.

तासाभरात वाकळीत गुंडाळलेल्या पोरीनं मान टाकली. मी पायरीवर बसून देवाला शिव्या घालत होते, अगदी मोठ्यानं. तेवढ्यात शेजारी बसलेला एक म्हातारा सरकत जवळ आला. अंगावर मळकी बंडी, बोटांवर जुन्या भाजल्याचे पांढरे डाग.

"आक्का, वाकळंत काकवी सांडली का?"

"सांडली न्हाई आन् तुला द्यायलाबी न्हाई. सरक!"

तो सरकला नाही. "जलमभर गुळव्या होतो मी. कढईवर नाक धरूनच पाक वळखला. ह्यो पाकाचाच वास हाय. पर अवंदा उसाचं टिपरू न्हाई, कारखाना बंद, गुऱ्हाळं बंद. मग ह्यो वास आला कुटून?"

सुनीतानं माझ्या उत्तराची वाट पाहिली नाही. पोरीला उचललं, मला न विचारता भाड्याच्या जीपमध्ये बसली आणि बीडला बालरोगाच्या डॉक्टरबाईंकडे गेली. मी मागं धावत. दारातच तिनं सांगितलं, "बाई, हिच्या लघवीला काकवीचा वास येतो." आजवर आम्ही डॉक्टरांना ताप सांगितला, ओकाऱ्या सांगितल्या. वास कुणी डॉक्टरला सांगतं का? बाईंनी दुपटं उचलून हुंगलं आणि त्यांचा चेहराच बदलला. दूध बंद करायला सांगितलं, साखरेचं सलाईन लावलं, जाड कागदावर रक्ताचे थेंब घेऊन पुण्याला पाठवले.

मग वही घेऊन वंशवेल काढायला बसल्या. बाईला गोल, पुरुषाला चौकोन. माझा मुलगा आणि सुनीता यांच्यामध्ये दोन रेघा मारल्या. नात्यातलं लग्न असलं की दोन रेघा, म्हणाल्या. मग मला विचारलं, "तुमच्या माहेरी लहान बाळं दगावली का?"

"न्हाई," मी फाडकन म्हणाले. माझ्या माहेराला नावं ठेवायची कुणाची टाप?

खोटं होतं ते. माझ्या पाठची दोन भावंडं पाळण्यात गेली होती. आईला वास आला असेल का तेव्हा? कोण सांगणार. खाटेवर पोर पडलेली, सुनीता तिचे पाय चोळत होती, मान खाली. वर्षभर मी तिला पांढऱ्या पायाची म्हटलं होतं. काय झालं मला सांगता येत नाही. मला काही दिसलं नाही, घंटा वाजल्या नाहीत. नुसती जीभ वळली. "दोन गेली," मी म्हणाले. "लिवा. माझ्याच माहेरी." बाईंनी वहीत दोन खुणा केल्या. सुनीतानं वर पाहिलं.

रक्ताचा निकाल आला, पुढं पोर आणि तिचे आईबाप अशा तिघांची जनुकांची तपासणी झाली. दुधा-डाळीतलं जे सत्त्व आपण सहज पचवतो, त्यातलं काही पोरीच्या शरीराला मोडताच येत नव्हतं. ते रक्तात साठायचं, मेंदूला बाधायचं आणि लघवीला पाकाचा वास आणायचं. हा दोष माझ्या मुलाकडंही एक वाटा आणि सुनीताकडंही एक वाटा. स्वतः दोघं ठणठणीत. पोरीला दोन्ही वाटे आले. मी ताकद म्हणून जे पाजत होते, ते तिचं विष होतं.

म्हाताऱ्याला शोधत मी मग एका सोमवारी कपिलधारला भाकरी घेऊन गेले. पाया पडायला वाकले तर म्हणाला, "मला वाटलं तुमच्यापाशी गूळ आसंल. लई दिस खाल्ला नव्हता म्हणून जवळ सरकलो." हसावं की रडावं! मी बारा देवळं पालथी घातली, आणि देव आला तो एका म्हाताऱ्याच्या गुळाच्या हावेतून. तेही उसाचं कांडं नसलेल्या सालात. ऊस असता तर त्याला वास कळला नसता. हे देवानं ठरवून केलं का, मी विचारत नाही. तीन वर्षं आधी का नाही केलं, हे मात्र अजून विचारते.

नात आता मोजून-मापून खाते, वेगळी पावडर पिते, शाळेत जाते. गणितात मागं आहे, भांडणात पुढं. गेलेली तीन वर्षं परत येणार नाहीत. ती माझ्या नावावर आहेत.

सुनीताला पुन्हा दिवस गेले तेव्हा पोटातल्या बाळाचीही तीच तपासणी झाली. निकालाचा फोन आला त्या दुपारी मी भाकरी थापत होते. ती बोलून आली आणि माझ्याजवळ बसली. मी थापत राहिले.

"आत्या, इचारत न्हाई का?"

"न्हाई."

"कावून?"

"तुला वाटंल तवा सांग. काय करायचं ते तूच ठरीव. मी हाय."

ती हसली, मग रडली, मग सांगितलं. बाळाला तो आजार नव्हता. पण मला लिहायचं आहे ते एवढंच की माझे हात तिनं सांगायच्या आधी जोडलेले होते. पिठानं भरलेलेच.