जळलेल्या जमिनीवर

२०२० च्या फेब्रुवारीत मुलीकडे आयर्लंडमधल्या ट्रलीला तीन महिन्यांसाठी आलो. लॉकडाऊन लागला आणि पोस्टिंग लांबलं. आयुष्य इन्फन्ट्रीत काढलेल्या सुभेदाराला घरात बसवणं म्हणजे शिक्षाच. रोज सकाळी मागच्या डोंगरावर पेट्रोलिंग करायचो. तिथे पॅट भेटायचा. मेंढ्या पाळणारा, माझ्याच वयाचा.

डोंगरावर गॉर्स माजलेलं. पुरुषभर उंचीचं काटेरी झुडूप, पिवळी फुलं, अंगात तेल, पोटात वाळक्या काटक्या. पेटायलाच जन्माला आलेलं. वरून कोळसा झालं तरी मुळं फुटतात, आगीनंतर बिया रुजतात. असली चिवट जात मला आवडते. मेंढ्यांना कोवळं गवत मिळावं म्हणून तिथले शेतकरी ते जाळतात.

२०२१ चा एप्रिल. कोरडा वारा. पॅटने पायथ्याचा एक कोपरा पेटवला.

"पॅट, विंड बघ."

"इट्स ग्रँड, सुभेदार!"

कसलं ग्रँड! वारा फिरला आणि उतार भडकला. झुडपं फटाफट फुटू लागली. दोन मेंढ्या पेटत्या लोकरीनिशी आमच्या अंगावर आल्या आणि कोसळल्या. बाकीच्या वर अडकल्या होत्या. पॅट त्यांच्यासाठी चढावर धावला.

चढावर आग माणसापेक्षा जोरात पळते. हे मी एलओसीवर पाहिलं होतं. लान्सनायक दत्तू भोसले, माझ्या सेक्शनचा. रान पेटलं होतं, उष्णतेने सुरुंग उडत होते. मी रेडिओवर ओरडत होतो, "दत्तू, खाली ये. जळलेल्या जमिनीवर ये. ओव्हर." तो वर पळाला. उत्तर आलं नाही.

पॅटला मी मागून धरलं. त्याने कोपर हाणून माझा दात पाडला. "माझ्या मेंढ्या!" मी कानफटात दिली, कॉलर धरली आणि जाळाच्या पट्ट्यातून खेचत त्याला खालच्या काळ्या जमिनीवर आपटलं. तिथे जळायला काही उरलं नव्हतं. वरच्या मेंढ्यांचं ओरडणं थांबेपर्यंत त्याच्या छातीवर बसून राहिलो.

"स्टे डाउन, दत्तू! स्टे डाउन!"

नंतर त्याने विचारलं, "दत्तू कोण?" सांगितलं.

रविवारी त्याचा फोन आला. "लॅपटॉप लाव." कोविडमुळे चर्च अजून बंद होती, प्रार्थना वेबकॅमवर चालायची. गेलेल्या माणसांची नावं तिथे वाचतात. रिकाम्या बाकांपुढे फादरने शेवटचं नाव घेतलं, "दत्तू भोसले, सोल्जर."

मी किचनमध्ये सावधान उभा राहिलो. हातांना बँडेज, डोळ्यांना धार.

"बाबा, बसा ना आता," मुलगी म्हणाली.

बसवेना.