मावसाजींची स्टीलची जीप

ब्रह्मपुरी तालुक्यात गंज ज्याला घाबरतो असा एकच माणूस आहे, आणि ते माझे मावसाजी आहेत. दुधाच्या टाक्या बनवणाऱ्या कारखान्यातून निवृत्त होऊन आले, आपल्या वडिलांच्या जुन्या जीपचा सडका पत्रा काढून फेकला आणि बोनेटपासून मागच्या फळक्यापर्यंत तिला स्टेनलेस स्टील चढवलं. रंग नाही. "रंग म्हंजे खोटं बोलनं," असं त्यांचं मत. मी मागण्यांची पत्रकं लिहिणारा माणूस, मला ते वाक्य चोरावंसं वाटलं. पण त्या स्टीलवर बोटाचा ठसासुद्धा दिसतो, म्हणून बसणाऱ्यानं दाराला हात लावायचा नाही. मावसाजी स्वतः उतरून, फडक्यानं धरून दार उघडतात. पुसायचं तेही स्टीलच्या रेघेरेघेनं, आडवं. एकदा त्यांच्या साळ्यानं, म्हणजे माझ्या मामानं, हौसेनं तारेच्या घासणीनं जीप चमकवली. लोखंडाचे कण राहिले, तांबूस ठिपके उठले. त्या दिवाळीत त्याला फराळ पितळेच्या ताटात मिळाला. "याच्या हाती स्टील देऊ नोको," मावशीला तंबी होती.

काही वर्षांपूर्वी धानाच्या रोवणीत शेजारच्या शांताबाईला बांधीतल्या चिखलातच साप चावला. रुग्णवाहिका नाल्याच्या बुटक्या रपट्यावरचं पाणी पाहून पलीकडूनच परत फिरली. तिथं पूल द्या म्हणून आम्ही निवेदनं देऊन थकलो. साहेब म्हणतात, प्रस्ताव वर गेला आहे. साहेबांना साप चावत नाही, कारण साहेब बांधीत उतरत नाहीत. मावसाजींनी जीप काढली. शांताबाईला चढवायला मी उघड्या हातानं दार ओढलं आणि त्यांनी ठशाकडं न बघता तिचे पाय उचलून आत घेतले. तेव्हा मला खरी भीती वाटली.

पाणी ओलांडलं, पण पलीकडच्या चढावर चाकं चिखलात जागच्या जागी फिरू लागली. शांताबाईच्या पापण्या मिटत होत्या. मागून रोवणीतल्या बाया पाणी तुडवत धावत आल्या आणि जीपपासून हातभर दूर थबकल्या. नियम गावाला पाठ होता.

"काऊन उभ्या राह्यल्या?" मावसाजींनी खिडकीतून मान काढली. "लावा हात."

"भाऊ, हात चिखलाचे हायेत आमचे."

"मंग काय धुवाले जाता? लावा म्हनतो ना."

सगळ्यांनी मिळून रेटली तेव्हा जीप चढ चढली. शांताबाई वाचली. दवाखान्यातून आल्यावर तिचं पहिलं वाक्य होतं, "भाऊ, तुमची गाडी खराब केली बा आमी."

खराब झालीच होती. चिखलातल्या रेतीनं मागच्या फळक्यावर पंज्यांचे ओरखडे उमटले, रेघ मोडून, उभे. बारीक पॉलिशपेपरनं ते सहज निघाले असते. मावसाजी दर रविवारी सगळी जीप पुसतात आणि तिथं येऊन थांबतात. का ठेवले म्हणून विचारलं, तर म्हणाले, "पूल होऊ दे, मंग काढतो."

आता त्यांचं वय झालं, फडकं कधीकधी रेघ सोडून जातं. मी गेलो की विचारतात, "पुलाचं काय झालं रे?" मी पिशवीतून नवं पत्रक काढून देतो. ते चष्मा लावून शेवटपर्यंत वाचतात, घडी करून खिशात ठेवतात, आणि त्या पंज्यांच्या कडेकडेनं हळूहळू पुसत राहतात.